सकाळी तानपुऱ्याची जवारी उतरते, तासाभराने खुलते! (ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प आणि तापमान)

गच्चीखालचा | १२ जानेवारी, रात्री १०:४०

मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे, पण दोन आठवडे छळतोय.

घर सदाशिव पेठेत, सगळ्यात वरचा मजला. बाबांनी १९८४ साली स्वतः जोडलेला अ‍ॅम्प आहे. प्रत्येक चॅनेलला २एन३०५५ आणि एमजे२९५५ या पॉवर ट्रान्झिस्टरांची जोडी, सप्लाय अधिक-उणे ३० व्होल्ट, हीटसिंक (ट्रान्झिस्टरांची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा ठोकळा) मागे. बाबा गेल्यावर बरीच वर्षं माळ्यावर पडून होता. दिवाळीआधी एका दुकानात नेऊन फिल्टर कपॅसिटर बदलून आणला. वाजतो छान.

आई पहाटे साडेपाचला तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग लावून रियाजाला बसते. आवाज अगदी बारीक, कारण घरात बाकी सगळे झोपलेले. तिची तक्रार अशी की सुरुवातीला तानपुऱ्याची जवारी (तारेचा तो खुला, गुंजणारा झंकार) उतरल्यासारखी वाटते, मग हळूहळू खुलते. मी म्हटलं, अगं फाइल आहे ती, फाइलला काय थंडी वाजते? ती म्हणाली, "मला तुझं फाइलबिइल कळत नाही, जवारी कळते."

मग एक दिवस गजर लावून उठलो आणि ऐकलं. खरंच! षड्जाच्या तारेची आस विरत जाते ना, त्या शेपटाला एक कोरडी किरकिर. गुंजन नाही, किरकिर. सातच्या सुमारास गायब. सध्या पहाटे खोलीत १५-१६ अंश असतं. थंडीचा अ‍ॅम्पच्या आवाजाशी खरंच संबंध असतो का?

शंकासूर | १२ जानेवारी, रात्री ११:१५

आधी कानांचं तापमान मोजा. हलके घ्या.

पण गंभीरपणे सांगतो. पहाटे साडेपाचला शांतता असते, सातला दूधवाला, पाण्याची मोटर, रस्त्यावरचे हॉर्न. बारीक किरकिर त्यात बुडून जाणारच. अ‍ॅम्प 'गरम होऊन खुलला' असं म्हणणारे निम्मे लोक स्वतःच अर्ध्या तासात त्या आवाजाला सरावलेले असतात. उद्या पहाटे तीच फाइल त्याच फोनवरून हेडफोनवर ऐका. आणि संध्याकाळी अ‍ॅम्प चार तास बंद ठेवून मग लावा. मग बोलू.

गच्चीखालचा | १४ जानेवारी, सकाळी ८:०५

केलं. हेडफोनवर पहाटेसुद्धा जवारी ठणठणीत. काल संध्याकाळी अ‍ॅम्प गार असताना लावला तेव्हाही किरकिर होती, पहाटेपेक्षा कमी. वीस मिनिटांत गेली. आवाज मोठा ठेवला तर सुरुवातीलाही जाणवत नाही.

तिळगूळ घ्या, आणि कोणीतरी गोड उत्तर द्या.

मिलीव्होल्ट | १४ जानेवारी, दुपारी १:३०

"आवाज मोठा ठेवला तर जाणवत नाही" हे वाक्य महत्त्वाचं. रोगाचं नाव त्यातच आहे: क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन.

तुमच्या अ‍ॅम्पमध्ये एक ट्रान्झिस्टर लाटेचा वरचा अर्धा भाग ढकलतो, दुसरा खालचा ओढतो. अदलाबदलीच्या क्षणी दोघेही थोडे जागे असावे लागतात. त्यासाठी सिग्नल नसतानाही दोघांतून थोडा करंट वाहता ठेवतात, तो बायस. कमी पडला तर एकाने दोरी सोडली आणि दुसऱ्याने अजून धरली नाही, अशी अवस्था होते. लाटेला शून्यापाशी खाच पडते. खाच तेवढीच राहते, लाट मात्र बारीक होत जाते, म्हणून विरत जाणाऱ्या सुरात ती जास्त बोचते. तबल्याच्या थापेत कळणारही नाही. तानपुरा म्हणजे या दोषासाठी ईश्वराने बनवलेलं टेस्ट सिग्नल आहे. त्यात या खाचेतून निघणारे हार्मोनिक (मूळ सुराच्या पटीतले सूर) वरच्या पट्टीतले असतात, आणि तिथे अ‍ॅम्पच्या फीडबॅकचा (आउटपुटमधली चूक परत आणून सुधारण्याचा) जोर कमी पडतो. आईंना ते जवारीत बिघाड झाल्यासारखं वाटणं अगदी बरोबर, कारण जवारी म्हणजेही वरच्या हार्मोनिकांचाच खेळ.

आता तापमान. सिलिकॉन ट्रान्झिस्टरमधून तोच करंट जायला बेस-एमिटरवर (त्याच्या दोन पायांमध्ये) जो ०.६ ते ०.७ व्होल्ट लागतो, तो दर अंशाला साधारण २ मिलीव्होल्टने उतरतो. उलट बाजूने, तापमान तेच ठेवून १८ मिलीव्होल्ट जास्त दिले की करंट दुप्पट होतो. दोन्ही एकत्र करा: बेसवरचा व्होल्टेज जागचा हलला नाही तर नऊ अंश तापल्यावर करंट दुप्पट! एमिटरमधला छोटा रेझिस्टन्स याला थोडा लगाम घालतो, पण थोडाच.

म्हणून बायस देणारा एक छोटा ट्रान्झिस्टर मुद्दाम त्याच हीटसिंकवर बसवतात. मोठे तापले की तोही तापतो आणि बायस व्होल्टेज खाली आणतो. तुमच्याकडे ही साखळी कुठेतरी तुटली आहे असा माझा अंदाज.

रेडिओवेडा | १४ जानेवारी, दुपारी ४:१०

थोडं अवांतर. आमच्या लहानपणी एसी१२७, एसी१२८ असलेले रेडिओ होते, जर्मेनियमवाले. शनिवारवाड्याच्या पटांगणात क्रिकेट खेळताना कठड्यावर कॉमेंट्रीसाठी रेडिओ ठेवायचो. ऊन्ह चढलं की आवाज फाटायचा आणि सेल लवकर बसायचे. सावलीत आणून ओल्या फडक्यावर ठेवला की पुन्हा सुरळीत. आम्हाला वाटायचं सेल खराब. नंतर कळलं की जर्मेनियममधला गळतीचा करंट मुळातच जास्त, आणि तो दर दहाएक अंशांना दुप्पट होतो. त्या रेडिओंच्या आउटपुटला बायससाठी थर्मिस्टर (तापमानाप्रमाणे बदलणारा रेझिस्टर) असायचा तो याचसाठी. सिलिकॉन आलं आणि हा छंद संपला असं समजत होतो.

स्पष्टवक्ता_पुणेकर | १४ जानेवारी, संध्याकाळी ६:२२

एवढं कशाला? नवीन घ्या. मिळतात हल्ली तळहाताएवढे क्लास डी अ‍ॅम्प. ९० टक्के कार्यक्षमता, गरमही होत नाहीत, जवारीची कटकट नाही.

गच्चीखालचा | १४ जानेवारी, संध्याकाळी ६:३०

बाबांनी जोडलेला आहे, वर लिहिलंय.

स्पष्टवक्ता_पुणेकर | १४ जानेवारी, संध्याकाळी ६:४१

बरं. राहू द्या मग.

सोल्डरकाका | १४ जानेवारी, रात्री ९:५०

मिलीव्होल्टरावांनी पाठ छान शिकवला. आता पाना-पक्कड काढा.

प्लग काढून दहा मिनिटं थांबा, मग झाकण उघडा. मोठ्या कपॅसिटरवर मीटर लावून व्होल्टेज उतरल्याची खात्री झाल्याशिवाय बोट घालायचं नाही. आत पांढरे चौकोनी सिमेंटचे रेझिस्टर दिसतील, तेच एमिटरमधले, बहुधा ०.२२ ओहम. त्यांतल्या एकाच्या दोन टोकांना मीटरच्या वायर क्लिपने पकडा, मिलीव्होल्टच्या रेंजवर. मग चालू करा आणि हात मागे. गार असताना, अर्ध्या तासाने, आणि दणकून वाजवून थांबवल्याबरोबर असे तीन आकडे इथे टाका. मोजताना गाणं बंद पाहिजे.

दुसरं म्हणजे तो बायस देणारा छोटा ट्रान्झिस्टर शोधा, बीडी१३९ किंवा तसला तीन पायांचा चपटा. तो हीटसिंकला स्क्रूने चिकटलेला आहे की बोर्डावर उभा आहे, तेवढं सांगा. फोटो नको, शब्दांत सांगा, फोटोत मला काही दिसत नाही.

विद्युल्लता | १५ जानेवारी, सकाळी १०:१२

मेनची केबल जाड घालून पाहिली का? माझ्याकडे फरक पडला होता.

शंकासूर | १५ जानेवारी, सकाळी १०:२०

ताई, केबलला दर अंशाला किती मिलीव्होल्ट? :)

गच्चीखालचा | १८ जानेवारी, रात्री ११:०५

आकडे घ्या. रेझिस्टर ०.२२ ओहमचेच आहेत.

गार, खोली १७ अंश: डावा ३ मिलीव्होल्ट, उजवा ४.
बारीक आवाजात अर्धा तास: डावा ११, उजवा १२.
आज रविवार, भाचे आलेले. त्यांनी दोन तास त्यांची गाणी दणकून वाजवली. थांबवल्याबरोबर: डावा ३८, उजवा ४१. हीटसिंकवर हात टेकवला तर तीन आकडे मोजेपर्यंत काढावा लागला.

आणि काका, सापडलं! हीटसिंकवर आउटपुट ट्रान्झिस्टरांच्या बरोबर मधे एक रिकामं भोक आहे, भोवती वाळलेल्या पांढऱ्या पेस्टचा गोल डाग. बीडी१३९ मात्र बोर्डावर उभा, आखूड पायांवर. सोल्डर नवीन, चकचकीत. बाबांची सोल्डरिंग अशी नव्हती, त्यांचा प्रत्येक टाका मोहरीएवढा. म्हणजे दुकानात कपॅसिटर बदलताना बोर्ड बाहेर काढला, बीडी१३९ तुटला असेल, नवीन घातला आणि परत हीटसिंकवर न्यायचा कंटाळा केला. बिलावर एका शब्दाने उल्लेख नाही.

मिलीव्होल्ट | १९ जानेवारी, सकाळी ९:४०

आकडे बोलके आहेत. ३ मिलीव्होल्ट भागिले ०.२२ म्हणजे १४ मिलीअँपिअर. ११ म्हणजे ५०. ३८ म्हणजे १७३. म्हणजे पहाटेपासून भाच्यांपर्यंत बायस बारा पट!

पहाटे काय होतं बघा. १४ मिलीअँपिअरवर दोन्ही ट्रान्झिस्टर मिळून साधारण २८ मिलीअँपिअरपर्यंत जोडीने काम करतात. ८ ओहमच्या स्पीकरवर ते होतात जेमतेम पाव व्होल्ट, म्हणजे ३ मिलीवॉट. सर्वसाधारण स्पीकरवर एक मीटरवरून तो आवाज साठ-पासष्ट डेसिबल, साध्या गप्पांएवढा. आई घरच्यांची झोप मोडू नये म्हणून जो आवाज ठेवतात, नेमका तोच! तानपुरा पूर्ण वेळ त्या खाचेच्या काठावर चालतोय.

आता बायस किती हवा? १९७१ साली ह्युलेट-पॅकार्डच्या जर्नलमध्ये बर्नार्ड ऑलिव्हर यांनी याचं गणित मांडलं. दोन्ही ट्रान्झिस्टरांची अदलाबदल सर्वात गुळगुळीत होते ती एमिटर रेझिस्टन्सवर साधारण २६ मिलीव्होल्ट असताना. ट्रान्झिस्टरच्या पोटातलाही थोडा रेझिस्टन्स त्यात धरावा लागतो, म्हणून बाहेर २० ते २२ दिसले की पुरे. २२ म्हणजे बरोबर १०० मिलीअँपिअर. त्यावर चढवत नेलं तर आवाज आणखी 'गोड' होतो ही अंधश्रद्धा. जोडीने काम करतात तिथे गेन (सिग्नल वाढवण्याचं प्रमाण) थोडा जास्त आणि एकटे पडतात तिथे कमी, असा नवा उंचवटा तयार होतो. शिवाय उष्णता.

३८ची मला जास्त काळजी आहे. बायस वाढला की ट्रान्झिस्टर तापतो, तापला की बायस वाढतो. दुकानदाराने गार असताना बायस मुद्दाम कमी ठेवला तो याच भीतीने. त्याला कळत होतं की बीडी१३९ चुकीच्या जागी आहे. एप्रिलमध्ये वरच्या मजल्यावर, स्लॅब तापलेली असताना, खोली ३६ अंशांवर, आणि पुन्हा भाचे. तोवर हे तसंच ठेवू नका.

सोल्डरकाका | १९ जानेवारी, रात्री ८:३०

दुकानदाराला शिव्या देऊन झाल्या असतील तर कामाला लागा. तपकीर गल्लीत (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) दहा-वीस रुपयांचं सामान आहे.

बीडी१३९ काढा, तिन्ही पायांना वायर जोडून त्यावर स्लीव्ह चढवा आणि वडिलांनी पाडलेल्या त्याच भोकावर बसवा. मधे मायका (अभ्रकाची पातळ चकती), दोन्ही बाजूंना पेस्टचा पातळ हात. पेस्ट लोण्यासारखी थापायची नाही, ती फक्त बारीक खळगे भरायला असते. स्क्रूला प्लॅस्टिकचा बुश. नंतर बीडी१३९च्या मधल्या पायापासून हीटसिंकपर्यंत मीटरने शॉर्ट नाही ना ते बघा.

प्रिसेटही (बायस जुळवायचा, फिरवता येणारा छोटा रेझिस्टर) बदला, चाळीस वर्षांचा आहे. आणि तो कुठल्या बाजूला आहे ते पाहा, हे कोणी सांगत नाही. बेस आणि एमिटरच्या मधे असेल तर त्याचा सरकता काटा कधी सुटला तरी बायस तळाला जातो, आवाज बिघडतो, बाकी काही होत नाही. कलेक्टर आणि बेसच्या मधे असेल आणि काटा सुटला तर बायस आकाशाला भिडतो आणि दोन्ही आउटपुट धूर सोडतात. वडिलांनी कसा लावलाय?

पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्डावर (वीज दिव्यातूनच पुढे जाईल असा) ६० वॉटचा साधा दिवा लावून. दिवा क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. उजळलेलाच राहिला तर लगेच बंद. प्रिसेट कमीत कमी बायसवर ठेवून सुरुवात, अर्धा तास तापू द्या, मग सावकाश २१-२२वर आणा. झाकण लावून अर्ध्या तासाने पुन्हा बघा. झाकण उघडं ठेवून लावलेला बायस झाकण लावल्यावर खोटा ठरतो.

दुकानात कोणी 'आउटपुटही बदलून टाका' म्हणालं तर ऐकू नका. जुने २एन३०५५ जपून ठेवा. बाजारात त्या नावाचे नकली फार आहेत, आत इवलीशी चिप, अस्सलाला ११५ वॉटचं रेटिंग, नकली त्याच्या निम्म्यालाही टिकत नाही.

गच्चीखालचा | १९ जानेवारी, रात्री ९:१५

बेस-एमिटरच्या मधे लावलाय. सर्किट बाबांच्या वहीत आहे, प्रिसेटच्या शेजारी पेन्सिलीने 'सुटला तरी चालेल' असं लिहिलेलं. याचा अर्थ आज कळला.

सोल्डरकाका | १९ जानेवारी, रात्री ९:२०

मग दुरुस्तीचं काही शिकवायला नको. वही सांभाळा.

शंकासूर | २० जानेवारी, सकाळी ७:५०

एक विनंती. दोन्ही चॅनेल एकदम दुरुस्त करू नका. आधी फक्त एक. मग तीच मोनो फाइल दोन्हींतून, आवाज मीटरवर जुळवून, आणि आईंना न सांगता. असा फुकटचा प्रयोग पुन्हा मिळायचा नाही.

गच्चीखालचा | २६ जानेवारी, दुपारी १२:३०

प्रयोग झाला. डावा दुरुस्त केला, उजवा तसाच. कोणता दुरुस्त आहे ते मी सांगितलं नाही. स्पीकरच्या वायरी मागून बदलता येतील अशा केल्या, म्हणजे खोलीतल्या जागेचा फरक नको. पहाटे गार अ‍ॅम्पवर एका वेळी एकच स्पीकर, दहा वेळा. कोणता चॅनेल ते नाणं उडवून ठरवलं. आईने दहापैकी नऊ वेळा बरोबर ओळखलं. एकदा चुकली, तेव्हा कुकरची शिट्टी झाली होती आणि ती निकाल मान्य करत नाही.

साडेसातला पुन्हा केलं, अ‍ॅम्प दोन तास चालू होता. तेव्हा तिला काहीच ओळखता येईना. "दोन्ही सारखेच. उगाच का बसवलंयस मला?"

डाव्याचे आकडे: गार २४, अर्ध्या तासाने २१, दणकून वाजवल्यावर २३. आता उजवा करतो.

शंकासूर | २६ जानेवारी, दुपारी १:०५

दहापैकी नऊ. टोपी काढली. आईंना कुकरचा गुण देऊन टाका.

तरी एक सांगू द्या. तुमच्या अ‍ॅम्पमध्ये बिघाड होता म्हणून फरक ऐकू आला. धडधाकट अ‍ॅम्प दोन मिनिटांत ऐकण्यालायक असतो, 'तीन तास तापवा' वगैरे काही नसतं. आणि दणक्यात ऐकणाऱ्यांसाठी खरी गरम होणारी वस्तू स्पीकरच्या आत आहे. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्यांनी वाढतो. व्हॉइस कॉइल शंभर अंशांनी तापली की रेझिस्टन्स चाळीसेक टक्क्यांनी वर, आणि आवाज अडीच-तीन डेसिबलने खाली. लग्नाच्या मिरवणुकीत तास उलटल्यावर डीजे फेडर का चढवत जातो, ते यात आलं.

मिलीव्होल्ट | २६ जानेवारी, दुपारी ३:४५

'दोन मिनिटांत' हे ज्यांचा सेन्सर हीटसिंकवर आहे त्यांच्यासाठी पूर्ण खरं नाही. चिप सेकंदात तापते, हीटसिंकला मिनिटं लागतात, सेन्सर त्याच्याही मागे. मोठ्या तुकड्यानंतर एकदम शांत आलाप आला की काही काळ बायस इकडेतिकडे असतो. म्हणूनच पुढे आउटपुट ट्रान्झिस्टरच्याच पोटात डायोड घातलेले प्रकार आले, एनजेएल३२८१डी वगैरे. २एसके१०५८सारख्या लॅटरल मॉसफेटना (वेगळ्या जातीच्या ट्रान्झिस्टरांना) ही कटकट कमी, शंभरेक मिलीअँपिअरच्या वर ते तापले की करंट आपोआप कमी करतात.

जुन्या अमेरिकी नियमातही हे होतं. १९७४च्या एफटीसीच्या (अमेरिकेच्या व्यापार आयोगाच्या) नियमाने अ‍ॅम्पचे वॉट जाहीर करण्याआधी तो एक तास, एक तृतीयांश पॉवरवर तापवून मोजायला लावलं. पूर्ण पॉवरवर नाही, एक तृतीयांशवर. कारण क्लास बी आउटपुट (प्रत्येक ट्रान्झिस्टर अर्धी लाट सांभाळतो तसलं) सर्वात जास्त तापतं ते पूर्ण पॉवरच्या ४० टक्क्यांच्या आसपास. कितीतरी कंपन्यांच्या हीटसिंकांचे आकार तेव्हा उघडे पडले.

रेडिओवेडा | २६ जानेवारी, संध्याकाळी ५:३०

क्लास एची, म्हणजे ट्रान्झिस्टर कायम पूर्ण जागा ठेवण्याची, गोष्ट कोणी काढली नाही. लिन्सले हूड यांचा १९६९चा वायरलेस वर्ल्ड मासिकातला १० वॉटचा अ‍ॅम्प मी कोथरूडला असताना बांधला होता. २७ व्होल्ट, १.२ अँपिअर, गाणं असो वा नसो. म्हणजे चॅनेलमागे ३२ वॉट नुसती उष्णता. क्रॉसओव्हरचा प्रश्नच नाही. जानेवारीत बायको त्याच्यावर मोजे वाळवायची. मेमध्ये मी तो मित्राला दिला.

गच्चीखालचा | २७ एप्रिल, दुपारी ४:२०

धागा वर काढतोय, आकडे द्यायचे राहिले होते.

आज बाहेर ४०, खोलीत ३६. स्लॅबखाली बसवत नाही, पण मुद्दाम अ‍ॅम्प दोन तास चालवला. डावा २३, उजवा २२. हीटसिंक गरम, पण हात ठेवता येतो. मिलीव्होल्टराव, निश्चिंत झोपा.

एक गंमत मात्र झाली. मार्चमध्ये एकदा उजवा अचानक २९ दाखवायला लागला. मी प्रिसेट, बीडी१३९, पेस्ट सगळं पुन्हा तपासलं, दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी लक्षात आलं, आईने अ‍ॅम्पवर धूळ बसू नये म्हणून क्रोशाचा रुमाल घातला होता आणि तो बरोबर उजव्या बाजूच्या जाळीवर. हीटसिंकच्या वरची हवाच बंद.

सोल्डरकाका | २७ एप्रिल, रात्री ९:००

पन्नास वर्षांत मी जेवढे अ‍ॅम्प उघडले त्यातले निम्मे रुमालाखालचे होते. रुमालाचं काय केलंत?

गच्चीखालचा | २७ एप्रिल, रात्री ९:१०

स्पीकरवर घातलाय. वरच्या बाजूला, जाळीवर नाही. आईची अट होती.